एक रस्ता, दोन फर्मे

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

सुरुवात या टेबलावर ठेवलेल्या जाकिटापासून करते, कारण आजच्या विषयातले निम्मे प्रश्न त्याच्या शिवणीत आणि अस्तरातच आहेत. हे एमए-१ जातीचे बॉम्बर जाकीट. अमेरिकी हवाई दलाने १९५०च्या दशकात ते वैमानिकांसाठी वापरात आणले. आधीच्या जाकिटांना केसाळ कॉलर असे आणि ती पॅराशूटच्या पट्ट्यांच्या आड येई, म्हणून इथे गळ्याशी चपखल बसणारी विणलेली पट्टी आली. डाव्या बाहीवर चेन लावलेला छोटा खिसा आहे आणि त्यावर पेन अडकवायची सोय आहे. जाकीट उलटे केले की भडक नारिंगी अस्तर बाहेर येते. विमान कोसळले तर वैमानिकाने जाकीट उलटे घालावे आणि शोधायला आलेल्यांना तो दुरून दिसावा, हा त्यामागचा विचार. शोभेसाठी लावलेला असा यात एकही भाग नाही. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमधल्या स्किनहेड, म्हणजे डोके भादरलेल्या, मुलांनी ते घातले, समलिंगी पुरुषांच्या क्लबांत ते दिसू लागले, आणि १९८०च्या दशकाच्या मध्याला लंडनमध्ये रे पेट्री या स्टायलिस्टने आपल्या ‘बफेलो’ गटाच्या छायाचित्रांत ते वापरले. प्रत्येक वेळी त्याचा अर्थ पार बदलला. शिवण मात्र होती तशीच राहिली.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकते. रस्त्यावरची उपसंस्कृती अवाँ-गार्द, म्हणजे रूढी मोडू पाहणाऱ्या, पुरुषवेशात वस्तूच्या रूपाने येते आणि स्त्रीवेशात कृतीच्या रूपाने येते. पुरुषांच्या कलेक्शनमध्ये बॉम्बर, पार्का, बूट, बिल्ला, ठिगळ अशी नावानिशी ओळखता येणारी वस्तू असते, आणि ती कोणत्या गल्लीतून आली तेही बहुधा दिसत असते. स्त्रियांच्या कलेक्शनमध्ये फाडणे, उसवणे, गुंडाळणे, एकावर एक चढवणे, कडा तशाच सुट्या सोडणे या क्रिया येतात. मूळ वस्तू वाटेत विरघळते आणि तिच्याबरोबर तिचा पत्ताही पुसला जातो. म्हणून पुरुषवेशाला ‘रस्त्याचा प्रभाव असलेला’ आणि स्त्रीवेशाला ‘संकल्पनात्मक’ म्हणायची सवय समीक्षेला लागली. घेतलेले दोघांनीही आहे, पावती मात्र एकाकडेच सापडते. याला अपवाद आहेत, आणि खरे सांगायचे तर मला ते नियमापेक्षा जास्त आवडतात. त्यांच्याकडे नंतर येईन.

असे का होते, याचे पहिले उत्तर फर्म्यात, म्हणजे कपडा बेतायच्या नमुन्यात आहे. पुरुषांच्या कपड्यांचे मूळ नमुने मोजके आहेत: कोट, विजार, शर्ट, ओव्हरकोट, आणि कामाचे किंवा सैन्याचे जाकीट. पाहणाऱ्याला हे नमुने इतके पाठ असतात की कोटाची लॅपल, म्हणजे गळ्याची दुमडलेली पट्टी, बोटभर रुंद केली, किंवा खांद्याची शिवण थोडी खाली ओढली, तरी काहीतरी घडले आहे हे त्याला लगेच कळते. शिवाय यातले बरेच कपडे सैन्य, बंदर, रेल्वे, कारखाना अशा ठिकाणी जन्मले, हजारोंच्या संख्येने शिवले गेले आणि काम संपल्यावर जुन्या बाजारात स्वस्तात आले. तिथून ते तरुण मुलांच्या हाती लागले. कोरियाच्या युद्धासाठी केलेला अमेरिकी सैन्याचा एम-५१ पार्का १९६०च्या दशकात ब्रिटनमधली मॉड, म्हणजे टापटीप सुटांची शौकीन, मुले स्कूटरवर बसताना घालत, कारण आतला नीट शिवलेला सूट धुळीपासून आणि पावसापासून वाचवायचा असे. म्हणजे डिझायनरच्या हाती पार्का येतो तेव्हा त्याच्यावर सैनिक आणि मॉड अशा दोन मालकांची नावे आधीच लिहिलेली असतात. त्याने फक्त तिसरे लिहायचे असते, आणि ते लिहिताना वस्तू ओळखीची राहिली नाही तर त्याच्या लिहिण्याला अर्थच उरत नाही.

स्त्रीवेशाचा फर्मा वेगळ्या तत्त्वावर बेतलेला असतो. पुरुषांचा कोट खांद्यावर टांगलेला असतो. स्त्रियांच्या कपड्यात छातीचा उभार सामावून घेण्यासाठी टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिवणी, घ्यावे लागतात, आणि हे टक्स मुंढ्यातून (बाही जोडतात त्या जागेतून), कमरेतून, खांद्यातून, कुठूनही काढता येतात. ही फिरवाफिरवीच स्त्रीवेशाच्या कारागिरीचा गाभा आहे. कापड सरळ पुतळ्यावर टाकून, टाचण्या लावत आकार शोधायची पद्धतही प्रामुख्याने याच बाजूची. मी फर्मे काढायला शिकत होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. एका परीक्षेसाठी मी याच बॉम्बर जाकिटाचा स्त्रियांचा फर्मा केला होता. मुंढ्यातून टक्स काढले, कंबर थोडी आत घेतली, बाहीचा घेर कमी केला. शिवण स्वच्छ झाली होती आणि मी खूश होते. आमच्या शिक्षिकांनी ते पुतळ्यावर चढवले, दोन पावले मागे गेल्या आणि म्हणाल्या, “छान बसलंय गं, पण आता हे जाकीट राहिलं नाही, ब्लाउज झालाय.” त्या वेळी मला राग आला. पण त्यांचे बरोबर होते. वस्तू अंगाबरोबर बेतली की तिची ओळख जाते, आणि ओळख राखायची तर ती पुरुषाच्याच फर्म्यात ठेवावी लागते.

आणि पुरुषाच्या फर्म्यात ठेवली की दुसरीच अडचण उभी राहते, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. एखाद्या पुरुष मॉडेलने रॅम्पवर बॉम्बर घातला की पाहणारा विचारतो: हा कोणता मुलगा, स्किनहेड की क्लबमधला, की नुसताच शाळेतला? तेच जाकीट, त्याच मापाचे, बाईने घातले की पहिला विचार येतो, बाईने पुरुषाचे जाकीट घातले आहे. स्त्री-पुरुष भेदाची खूण इतक्या मोठ्याने बोलते की उपसंस्कृतीची खूण ऐकूच येत नाही. स्त्रीवेशाच्या डिझायनरला रस्त्याबद्दल काही सांगायचे असेल तर नुसती वस्तू आणून त्याचे भागत नाही. वस्तूवर काय केले गेले, तेच त्याला उचलावे लागते.

पुरुषवेशातली वस्तू काय करू शकते याचे सगळ्यांत बोलके उदाहरण राफ सिमन्स. हा बेल्जियन डिझायनर १९६८ सालचा, शिक्षण औद्योगिक रचनेचे, म्हणजे खुर्च्या-कपाटांचे. १९९५ साली त्याने पुरुषांच्या कपड्यांचे स्वतःचे लेबल सुरू केले आणि मॉडेल म्हणून अँटवर्पच्या रस्त्यांवरची किडकिडीत मुले घेतली. त्याच्या कामात संगीताभोवती जमलेली तरुण मंडळी सतत येतात: पंक, न्यू वेव्ह, आणि गॅबर हे वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. २००१च्या जानेवारीत दाखवलेल्या कलेक्शनमध्ये त्याने ढगळ बॉम्बर, हूडी आणि पार्का एकावर एक चढवले, मुलांचे चेहरे स्कार्फने झाकले आणि काही जाकिटांवर कापडी ठिगळे शिवली. त्या ठिगळांवर मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या बँडचा १९९५ साली बेपत्ता झालेला गिटारवादक रिची एडवर्ड्स याच्याविषयीची कात्रणे होती. बँडचे ठिगळ जाकिटावर शिवणे हे कोणताही पंधरा वर्षांचा चाहता आपल्या खोलीत बसून करतो तेच काम. सिमन्सने ते कुठेही लपवले नाही, सुबक केले नाही, फक्त जाकिटाचा आकार इतका मोठा केला की आतला मुलगा लहान दिसू लागला. दोन वर्षांनी, २००३च्या हिवाळी कलेक्शनसाठी, जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर या बँडांची रेकॉर्ड-मुखपृष्ठे करणाऱ्या पीटर सॅव्हिल या आरेखकाने त्याला आपला संग्रह खुला करून दिला आणि सिमन्सने ती चित्रे पार्क्यांच्या पाठीवर आणली. कुणाचा बँड, कुणाचे चित्र, कुणाचा पार्का, हे सगळे उघड आहे. आज ही जाकिटे जुन्या कपड्यांच्या बाजारात नावासकट आणि सालासकट विकली जातात, आणि घेणारेही रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्याच आवेशाने घेतात.

आता याच माणसाला स्त्रीवेशाच्या गादीवर बसवून पाहू. २०१२च्या एप्रिलमध्ये दिओर या फ्रेंच फॅशन घराण्याने त्याची नेमणूक केली आणि जुलैत त्याचे पहिले ओत-कुत्यूर, म्हणजे मापाने हातशिवणीच्या उंची कपड्यांचे, कलेक्शन पॅरिसमध्ये दाखवले गेले. दालनांच्या भिंती ताज्या फुलांनी मढवल्या होत्या. कपड्यांत दिओरचे १९४७चे कमरेत घट्ट, खाली फुगलेले ‘बार’ जाकीट नव्याने बेतलेले होते, स्टर्लिंग रुबी या चित्रकाराच्या रंगचित्रांवरून तयार करवलेले कापड होते. बिल्ले, ठिगळे, बँड, रस्त्यावरची मुले, यातले काहीच नव्हते. त्याचे मन बदलले असे मी म्हणणार नाही. २०१४च्या जानेवारीत याच दिओरच्या कुत्यूर शोमध्ये पायांत स्नीकर आले, म्हणजे रस्ता त्याच्या डोक्यात होताच. पण तो पायापर्यंतच येऊ शकला. वरचा सगळा भाग कापडाच्या, घेराच्या, भरतकामाच्या भाषेत बोलत होता, आणि त्या भाषेत त्याचे जुने शब्द बसत नव्हते. एकाच हाताने केलेल्या दोन कामांतला हा फरक स्वभावाच्या खाती टाकता येत नाही. तो त्या दोन खात्यांचाच आहे.

इथे वाटेत एक गोष्ट. दुकानात कपडा घेणाऱ्या पुरुषाला वेगळे दिसायला बहुतेकदा परवानगी लागते. सैनिक घालतात, खलाशी घालतात, ती रस्त्यावरची मुले घालतातच ना, असा आधार मिळाला की त्याला धीर येतो. जाँ-पॉल गोतिए या फ्रेंच डिझायनरने १९८५च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये पुरुषांना स्कर्टसारखे दिसणारे वस्त्र दिले तेव्हा ते नेहमीच्या सुटाच्या कापडाचे होते, हे मला फार शहाणपणाचे वाटते. जुन्या कपड्याचा पत्ता दाखवत नवा कपडा पुढे करणे ही पुरुषवेशाची रीतच आहे. जून्या वातानाबे या जपानी डिझायनरने २००१ साली पुरुषांची शाखा काढली आणि लिव्हायससारख्या जुन्या कंपन्यांच्या जीन्स, जाकिटे घेऊन ती आपल्या पद्धतीने कापली-जोडली. आत दोन्ही नावांची लेबले शेजारी शेजारी शिवलेली असतात. याच वातानाबेच्या २००० सालच्या हिवाळी स्त्री-कलेक्शनमध्ये पॉलिएस्टर ऑर्गन्झा या पातळ, ताठ कापडाचे मधमाशांच्या पोळ्यासारखे उलगडणारे प्रचंड गळे होते, आणि त्यांच्याकडे पाहून कुणाच्याही डोळ्यांपुढे रस्ता येत नाही.

स्त्रीवेशाच्या बाजूला रस्ता पहिल्यांदा ठळकपणे कधी आला याबद्दल मतभेद होऊ शकतात, पण १९६० हे साल टाळता येत नाही. तरुण इव्ह सँ लोराँ तेव्हा दिओरमध्ये होता आणि पॅरिसच्या सीन नदीच्या डाव्या तीरावरच्या बीट, म्हणजे रूढ समाजाला पाठ फिरवलेल्या, तरुणांकडे पाहून त्याने काळे कलेक्शन केले. त्यात मोटारसायकलस्वारांच्या चामडी जाकिटाच्या घाटाचे एक जाकीट होते, पण चामडे मगरीचे आणि कडांना मिंकची फर. गिऱ्हाइके बिथरली, आणि त्याच साली सँ लोराँला सक्तीच्या सैन्यसेवेचे बोलावणे आल्यावर त्याची जागा मार्क बोहानला दिली गेली. बत्तीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ हेच पुन्हा घडले. मार्क जेकब्सने १९९२च्या नोव्हेंबरमध्ये पेरी एलिस या लेबलसाठी ग्रंज या रॉक संगीताभोवतीच्या गबाळ्या वेशाचे कलेक्शन दाखवले. लाकूडतोड्यांच्या वापरातला, अमेरिकेच्या वायव्य भागातल्या गायक-वादकांनी रोजचा केलेला फ्लॅनेलचा चौकड्यांचा शर्ट त्यात होता. फक्त चौकड्या छापल्या होत्या रेशमावर. उबदार आतले कपडे काश्मिरी लोकरीचे, कॅनव्हासचे बूट साटिनचे. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. लोक या कलेक्शनला ग्रंजची चोरी म्हणतात किंवा ग्रंजचा गौरव म्हणतात. मला त्यात एक तांत्रिक गोष्ट दिसते. फ्लॅनेल कोपरांशी जाड होतो, धुण्याने कडक आणि मग मऊ होतो, खांद्यांवर उभा राहतो. रेशीम हे काहीच करत नाही, ते फक्त वाहते. चौकड्या उरल्या आणि शर्ट गेला. १९७७ साली झँड्रा ऱ्होड्स या ब्रिटिश डिझायनरने पंकांच्या सेफ्टी पिना आणि चिरा जर्सीच्या पोशाखांवर आणल्या, त्यातही चिरांच्या कडा नीट शिवून घेतल्या होत्या. फाडणे आले, पण उसवण्याची भीती बाहेरच राहिली.

आता ‘कॉम दे गार्साँ’ या लेबलची जपानी डिझायनर रेई कावाकुबो. तिच्या १९८२च्या हिवाळी कलेक्शनमधला भोके पडलेला काळा स्वेटर सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेला असतो. युरोपीय पत्रकारांना तो पंकचा, दारिद्र्याचा, युद्धानंतरच्या विध्वंसाचा वाटला. कावाकुबोच्या लेखी ती लेस होती. यंत्र हल्ली फारच निर्दोष कापड विणते, म्हणून यंत्राचा एखादा स्क्रू जरा सैल करायचा, म्हणजे त्याला जमायला हवे ते नीट जमणार नाही, अशी तिची रीत होती. क्षणभर या स्क्रूपाशी थांबू या. विणकामाच्या यंत्रात सुई टाका उचलते, नवा धागा त्यातून ओढते आणि जुना टाका सोडते. काही तरी सैल झाले की एखादा टाका निसटतो आणि खालपर्यंत शिडीसारखी रेघ जाते. पंक मुलगी आपले मोजे बोटांनी ओढून फाडते तेव्हा अगदी अशीच रेघ जाते. दोन्हींत कृती एकच आहे, टाका सोडणे. पण कावाकुबोने ती यंत्राच्या पोटात नेली. आता स्वेटरकडे पाहून मोजे फाडणारी मुलगी दिसत नाही, फक्त पोत दिसतो. कावाकुबोने हे पंकांकडूनच घेतले असे मी सिद्ध करू शकत नाही, आणि करायची मला गरजही वाटत नाही. कृतीला पत्ता नसतो म्हणते ते याच अर्थाने. तिच्याच पुरुषांच्या शाखेत, १९८४ साली सुरू झालेल्या ‘ओम प्ल्युस’मध्ये, पाहा: तिथे २००६च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्सचे जीभ बाहेर काढलेले बोधचिन्ह कपड्यांवर सरळ झळकते. एकच बाई, एकीकडे स्क्रू आणि दुसरीकडे बिल्ला.

या सगळ्याला आणखी एक कारण आहे आणि ते कपड्यांच्या बाहेरचे आहे. उपसंस्कृतींचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रस्त्यावर उभी असलेली मुलेच पाहिली. अँजेला मॅक्रॉबी आणि जेनी गार्बर या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९७६ साली नेमके यावर बोट ठेवले: मुली कुठे आहेत? त्यांचे म्हणणे असे की मुलींना रस्त्यावर रेंगाळायची मुभा कमी होती, त्यांचा बराचसा चाहतेपणा स्वतःच्या खोलीत, मैत्रिणींबरोबर, भिंतीवरच्या चित्रांसमोर घडत होता, आणि अभ्यासकांची नजर तिथवर गेलीच नाही. टेडी बॉय सर्वांना माहीत असतात. युद्धानंतर लंडनच्या उच्चभ्रू शिंप्यांनी एडवर्डकालीन लांब कोट पुन्हा आणला आणि कामगार वस्तीतल्या मुलांनी तो त्यांच्या हातून काढून घेतला, हा किस्सा प्रत्येक पुस्तकात असतो. टेडी गर्ल मात्र, पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेल्या केन रसेलने १९५५ साली काढलेल्या छायाचित्रांमुळे आपल्याला दिसतात, आणि ती छायाचित्रेसुद्धा २००५ पर्यंत विस्मरणात पडून होती. युद्धाने पडलेल्या भिंतींसमोर, मखमली कॉलरचे कोट, वर दुमडलेल्या जीन्स आणि हातात मिटलेली छत्री घेऊन या मुली उभ्या आहेत. कोट नीट बेतलेले, टक्स असलेले, त्यांच्या अंगचे आहेत. मघाशी मी वस्तू अंगाबरोबर बेतली की ओळख जाते म्हटले, ते इथे मला परत घ्यावे लागते. या मुलींनी फर्मा बदलून वस्तू राखली. अडचण एवढीच झाली की हा कोट नोंदलाच गेला नाही, त्यामुळे पन्नास वर्षे कुठल्याही डिझायनरला तो उचलता आला नाही. जी वस्तू कुणाच्या डोळ्यांत भरलेली नाही ती रॅम्पवर आणली तरी तिला कुणी वस्तू म्हणून ओळखत नाही, ती नुसती चमत्कारिक कल्पना ठरते.

आता अपवाद. पंक वेश घडवणाऱ्या व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅक्लारेन यांच्या लंडनमधल्या ४३० किंग्ज रोडवरच्या दुकानात ही विभागणी नव्हतीच. १९७६च्या सुमाराची त्यांची बाँडेज विजार पाहा: काळे सुती साटिन, दोन गुडघ्यांना बांधणारा पट्टा, पायांच्या मधून थेट मागपर्यंत जाणारी चेन, मागे लोंबणारा कापडाचा तुकडा. मुलगा आणि मुलगी दोघेही तीच विजार घालत. पट्ट्यामुळे पाऊल अर्धेच पडे, त्यामुळे चालही दोघांची सारखी होई. इथे वस्तू आणि कृती वेगळ्या करताच येत नाहीत, कारण विजार तुम्हाला काहीतरी करायला लावते. १९८१च्या मार्चमध्ये वेस्टवुडने पहिला मोठा शो केला, चाचे लोकांचा, तेव्हाही जुन्या शर्टांचे सपाट, चौकोनी फर्मे दोघांना सारखेच होते. टक्सच नाहीत, तर फरक कुठून येणार? पुढे हेल्मुट लँग या ऑस्ट्रियन डिझायनरने स्त्री आणि पुरुष एकाच रॅम्पवर चालवले आणि सैन्याच्या जुन्या पार्क्याला आतून पट्टे लावले, म्हणजे उकडले की तो दप्तरासारखा खांद्यांवर टांगता यावा. कावाकुबोच्या २००५च्या उन्हाळी स्त्री-कलेक्शनचीही आठवण ठेवायला हवी. त्यात मोटारसायकलचे चामडी जाकीट पुरते ओळखू येते, पण खाली बॅलेचा गुलाबी टुटू, म्हणजे फुगीर घागरा आहे. स्त्रीवेशात वस्तू टिकवायची तर तिच्याइतकीच ठसठशीत बायकी वस्तू शेजारी उभी करावी लागली, हे लक्षात घ्या.

बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जिएलाचे उदाहरण मी मुद्दाम मागे ठेवले होते. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये झालेल्या त्याच्या पहिल्याच शोमध्ये मुलींच्या पायांत ‘ताबी’ बूट होते. अंगठा वेगळा आणि बाकीची बोटे एकत्र अशी ही रचना जपानी मजुरांच्या रबरी तळव्याच्या कापडी जोड्यांवरून घेतलेली. बुटांच्या तळव्यांना लाल रंग लावला होता, त्यामुळे पांढऱ्या कापडावर फाटलेल्या खुरासारखे ठसे उमटत गेले, आणि पुढच्या हंगामात त्याच कापडाचे वेस्टकोट शिवले गेले. पुरुष मजुराची, बांधकामावरची वस्तू इथे बाईच्या पायात उंच टाचेसह आली, आणि पुरुषांसाठी ताबी निघायला त्यानंतर जवळपास तीन दशके जावी लागली. म्हणजे माझ्या नियमाच्या अगदी उलट. पण या बुटाला मजुराचे नाव चिकटले नाही, मार्जिएलाचेच चिकटले, एवढे मात्र माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. वर्षभराने, १९८९च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने पॅरिसच्या विसाव्या प्रभागातल्या मुलांच्या खेळायच्या जागेत शो केला आणि वस्तीतली पोरे मॉडेलांच्या पायांत घोटाळत राहिली. तो शो पाहून फॅशनकडे वळलो, असे ज्याने पुढे सांगितले तो तरुण म्हणजे राफ सिमन्स. पुरुषवेशात रस्ता आणणाऱ्याला रस्ता दिसला तो स्त्रीवेशाच्या शोमध्ये.

जपानमधला डिझायनर जून ताकाहाशी तर विद्यार्थिदशेत सेक्स पिस्टल्सची गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये गायचा. त्याने आपल्या ‘अंडरकव्हर’ या लेबलचा पॅरिसमधला पहिला शो २००२च्या ऑक्टोबरमध्ये केला, आणि तो स्त्रियांच्या कपड्यांचा होता. कपड्यांवर ठिगळांवर ठिगळे, उसवलेले धागे तसेच लोंबत ठेवलेले, खपलीसारखे थर. ही ठिगळे क्रस्ट पंकांची, म्हणजे मळक्या, ठिगळांनी भरलेल्या कपड्यांच्या पंकांची, आहेत हे स्पष्ट दिसते. पण ती इतकी दाट आहेत की एकेक ठिगळ वाचता येत नाही. सिमन्सच्या ठिगळावर मजकूर असतो. ताकाहाशीच्या ठिगळाखाली कापडच उरलेले नसते.

आणि अमेरिकी डिझायनर रिक ओवेन्स. २०१३च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसला त्याने स्त्रियांच्या शोसाठी नेहमीची मॉडेल घेतलीच नाहीत. अमेरिकेतल्या स्टेप नृत्याच्या पथकांतल्या सुमारे चाळीस जणी आणल्या, त्यांतल्या बहुतेक कृष्णवर्णीय, नाना बांध्यांच्या. त्या पाय आपटत, छातीवर आणि मांडीवर थाप मारत, भुवया आवळून, दात विचकून नाचल्या. अंगात चामड्याचे बिनबाह्यांचे जाकीट, सैल जर्सी, पायांत जाड तळव्यांचे बूट. या शोनंतर मॉडेलांच्या वर्णावर आणि बांध्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. मला मात्र मुंढे दिसले. ती चामडी जाकिटे बगलेखाली खोल कापलेली होती, कारण हात वर जायला हवा होता, खांद्याच्या वर, पूर्ण ताकदीने. मुलींच्या उपसंस्कृतीने इथे डिझायनरचा फर्मा बदलून घेतला होता. पुरुषवेशात मॉडेल चालते आणि कपडा आपली गोष्ट सांगतो. इथे कपड्याला बाईच्या हालचालीच्या मागे धावावे लागले.

प्रश्नोत्तरांपूर्वी एक विनंती. मी हे एमए-१ जाकीट आणि त्याच्या शेजारी माझे ते परीक्षेतले, टक्स घेतलेले जाकीट, दोन्ही टेबलावर ठेवून देते आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे येऊन दोन्ही उलटी करून पाहावीत, मुंढ्यातून हात घालून खांद्याच्या वर नेऊन पाहावा, आणि कुठल्या जाकिटात हात अडतो ते मला सांगावे. पहिल्याची चेन मात्र जरा जपून ओढा, ती मध्यावर अडकते.